ऐकू येतं, पण कळत नाही

औशाच्या कॉलेजात इंग्रजी शिकवताना एक गोष्ट मला वर्षानुवर्षं दिसत आली आहे. पुस्तकातला उतारा घडाघडा वाचणारी मुलं, तोच उतारा स्पीकरवर लावला की एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. उजनी, भादा, लामजना, किल्लारीहून एसटीने येणारी ही मुलं व्याकरणात कच्ची नाहीत. राज्यात २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. पण शाळेत वाक्य वाचलं की लगेच मराठीत अर्थ सांगितला जातो. सगळं शिकणं डोळ्यांनी होतं, कानावर कधी भार पडतच नाही.

एकदा वर्गात एकच वाक्य तीनदा ऐकवलं. बहुतेकांच्या वहीत उतरलं, ‘शुडव टोल्डिम’. मग फळ्यावर लिहिलं, ‘आय शुड हॅव टोल्ड हिम’. मागून आवाज आला, ‘‘सर, हे तर येतंय की आम्हाला!’’ येत होतंच. मराठीत आपण जवळपास प्रत्येक अक्षर पुरतं उच्चारतो. इंग्रजीत मात्र जोर मोजक्या शब्दांवर पडतो आणि बाकीचे आखडून एकमेकांना चिकटतात. ‘थर्टी’ आणि ‘थर्टीन’मध्येही जोर कुठे आहे हे कानाला ओळखावं लागतं. शब्दसंग्रहाची जाडजूड पुस्तकं पाठ करून ही अडचण सुटत नाही.

याची किंमत फार मोठी असते. माझ्या एका गुणी विद्यार्थिनीची नोकरीसाठी फोनवर मुलाखत होती. एक शब्द अडला, ती मनातल्या मनात त्याचा मराठी अर्थ शोधत राहिली आणि तेवढ्यात पुढचा प्रश्न निघून गेला. नंतर भीतीने उरलेलंही ऐकू येईना. परदेशी शिक्षणासाठी लागणाऱ्या आयल्ट्स परीक्षेच्या ऐकण्याच्या भागात सुमारे ३० मिनिटांत ४० प्रश्न असतात आणि ध्वनिफीत एकदाच वाजते. तिथे अडलेला शब्द सोडून पुढे जाता आलंच पाहिजे.

म्हणून सांगतो, रोज थोडंच ऐका, पण तेच पुन्हा पुन्हा ऐका. बीबीसी लर्निंग इंग्लिशचा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ हा कार्यक्रम फुकट मिळतो, सोबत लिखित मजकूरही असतो. आधी विषय काय आहे ते बघा. विषय माहीत असला की निम्मं काम होतं. मजकूर न बघता दोनदा ऐका, मग वाचा आणि जिथे कान चुकला ती जागा परत ऐका. हिंदी सबटायटल लावून पाहिलेले सिनेमे यात मोजू नका, तिथे डोळा आधीच वाचून मोकळा झालेला असतो.

माझ्या शिक्षक मित्रांनाही विनंती आहे. आठवड्यातला एक तास पुस्तकं मिटून ठेवा, रस्त्याकडच्या खिडक्या लावा, स्पीकर वर्गाच्या मध्यभागी ठेवा, आणि मुलांनी स्वतः अर्थ सांगेपर्यंत मराठीत सांगू नका.