आजीचं गाडगं आणि बाजरीचं रान

परिसर अभ्यासाच्या तासाला बाईंनी विचारले, "तुमच्या शेतात एकूण किती जण काम करतात?" कोणी म्हणाले चार, कोणी म्हणाले सहा. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "रविवारी रानात जा, नीट बघा आणि मग लिहा." म्हणून मी आजीबरोबर आमच्या खालच्या पट्टीत गेले.

त्या पट्टीत बाजरी आहे, पण नुसती बाजरी नाही. बाजरीच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ आहे. मध्ये मटकी व हुलगा आणि कडेने अंबाडी. मी म्हणाले, "आजी, एवढी भेसळ कशाला?" आजी म्हणाली, "भेसळ न्हाई गं, ही सोबत हाय. एक पीक रुसलं तर दुसरं पोटाला घालतं."

ही सोबत कशी असते ते पाहू. बाजरीची मुळे तंतुमय असतात. ती जमिनीच्या वरच्या थरात पसरतात. तुरीचे सोटमूळ खोल जाते. त्यामुळे दोघींची पाण्यासाठी फारशी ओढाताण होत नाही. बाजरी तीन महिन्यांत निघते. मग मागे राहिलेल्या तुरीला रान मोकळे मिळते. मटकी जमीन झाकून टाकते, म्हणून ओल टिकते आणि तण कमी उगवते.

आजीने मटकीचे एक रोप अलगद उपटून दाखवले. मुळांवर बारीक गाठी होत्या. मला वाटले, रोग पडला! बाईंनी दुसऱ्या दिवशी समजावले. हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असतो, पण झाडाला तो तसाच घेता येत नाही. गाठीतले सूक्ष्म जंतू तो झाडाला घेता येईल असा करून देतात. म्हणून कडधान्याला वरून नत्र खत कमी लागते आणि पुढच्या पिकालाही त्याचा फायदा होतो.

पानांखाली मावा होता. त्याला खाणारा, लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडाही होता. फुलांवर मधमाश्या होत्या. बांधावरच्या बाभळीवरून कोतवाल पक्षी झेप घेऊन किडे पकडत होता. दिसली कीड की लगेच विषारी औषध फवारले, तर माव्याबरोबर हे आपले सोबतीही मरतात.

आता घरची गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वी अण्णांनी सगळ्या रानात सोयाबीन पेरले. घरची मटकी पेरायची नाही म्हटल्यावर आईने गाडग्यातल्या बियाण्याची उसळ केली. ऐन शेंगा भरताना पावसाने दडी मारली आणि सोयाबीन वाळून गेले. पुढच्या वर्षी अण्णा म्हणाले, "मटकी पेरू." पण गाडगे रिकामे! आजी त्या दिवशी जेवली नाही. शेवटी वरच्या आळीतल्या मावशींनी मापटंभर मटकी दिली. पीक आल्यावर आम्ही दोन मापटी परत केली.

अशा शेतीत कष्ट जास्त आहेत. प्रत्येक पीक वेगळ्या वेळी काढावे लागते. आमच्याकडे त्यासाठी सावड करतात. आज मावशी आमच्या रानात, उद्या आई त्यांच्या रानात.

आता आजी चांगल्या शेंगा आधीच निवडते, बी कडक वाळवते, राख चोळून गाडग्यात भरते. वर कडुनिंबाचा पाला घालते आणि तोंड शेणामातीने लिंपते. राखेमुळे भुंगा लागत नाही.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे राहतात. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. पण त्यांनी गावरान बियाणी जपली, बियाणे बँक उभी केली आणि इतर बायकांनाही बी दिले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात.

बाई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला काही देता आले नाही. गाठीतले जंतू धरले तर शेतात काम करणारे मोजताच येत नाहीत!

पालकांना विनंती आहे. घरी गावरान बी असेल तर शाळेत येताना मूठभर आणा. सोबत चिठ्ठीवर बियाण्याचे नाव लिहा. आम्ही ते वर्गात राख लावून जपून ठेवू. ज्याचे गाडगे रिकामे होईल, त्याला ते पेरायला मिळेल.