चैत्रातली गौर आणि तुझं बजेट

अगं, ते केटररचं कोटेशन आधी बाजूला ठेव. चाळीस बायकांना मिनी समोसे, ढोकळा, रसमलाई आणि वर रिटर्न गिफ्ट! ही मुंजीची तयारी चालली आहे की चैत्रातल्या हळदीकुंकवाची? नव्या घरातलं पहिलं हळदीकुंकू म्हणून तुझा जीव वरखाली होतोय, ते कळतं मला. पण आपल्याकडे घरी बायका बोलवायच्या जेवढ्या रीती आहेत ना, त्यांत ही सगळ्यांत स्वस्त. वेगळी काटकसर करायची गरजच नाही, फक्त तिच्यात नसलेलं काही तू घुसवू नकोस.

पहिली सोय म्हणजे तारीख. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत झोपाळ्यावर असते. म्हणजे पुरा महिना हाताशी. मंगळवार-शुक्रवार बघतात लोक, पण नोकरीवरून थकून आलेल्या बाईला शुक्रवारी संध्याकाळी साडी नेसायला लावणं हा छळ आहे. तू सरळ शनिवार धर. गौर काही रागावत नाही.

निमंत्रण देताना ‘बरोब्बर साडेसहाला’ असं कळवू नकोस. ‘पाच ते आठ, सवडीनं या’ एवढंच. खर्चाचं सगळं गणित इथेच सुटतं बघ. बाई येते, पंधरा-वीस मिनिटं टेकते, पन्हं पिते, डाळ खाते, गौर बघते, निघते. एका वेळी घरात दहा-बारा जणीच. म्हणजे चाळीस खुर्च्या नकोत, चाळीस वाट्याही नकोत. वीस वाट्या आणि वीस स्टीलचे पेले फिरते ठेवले, एक जण विसळायला उभी राहिली की झालं. कमी पडले तर शेजारून आण. आपल्याकडे भांड्यांवर नावं उगाच नाही घालत! थर्माकोलच्या वाट्या नि प्लॅस्टिकचे ग्लास मात्र नको गं. पैसे जातात, आणि पन्ह्याची चव अर्ध्यावर येते.

आता डाळ. सव्वा किलो चणाडाळ चाळीस जणींना पुरून उरते, कारण भिजून ती दुप्पट होते आणि वर कैरी, खोबरं पडतं. शिवाय कच्ची डाळ जड, लहान वाटीच्या वर कुणी खात नाही आणि खाऊही नये. चार-पाच तास भिजव, चाळणीत चांगली निथळू दे आणि मिक्सरला थांबत थांबत फिरव. पाणी अजिबात घालायचं नाही. भरड राहिली पाहिजे, चटणी झाली की गेली. कैरी तोतापुरी घेऊ नकोस, दिसते छान पण आंबटपणा बेताचा. किसताना चाखत जा, कारण कैरी किती लागेल ते तिच्या आंबटपणावर आहे, वजनावर नाही. फोडणीत मोहरी, हळद, सुक्या मिरच्या, कढीलिंब आणि हिंग. हिंगात कंजुषी नको, या पदार्थाची अर्धी अब्रू हिंगावर आहे. फोडणी गार करून घाल. ओलं खोबरं अगदी शेवटी, बायका यायच्या तासभर आधी. उन्हाळ्यात खोबरं घातलेली डाळ बाहेर राहिली की आंबते, म्हणून एक पातेलं बाहेर आणि बाकीची फ्रीजमध्ये.

पन्हं दोन दिवस आधीच करून टाक. दोन किलो कैऱ्या उकडून गर काढ, गराच्या दीडपट-दुप्पट चिरलेला गूळ, वेलची, किंचित मीठ आणि केशराच्या चार काड्या. हा घट्ट गर फ्रीजमध्ये मजेत राहतो. आयत्या वेळी माठाचं गार पाणी घालून सारखं करायचं. बर्फ टाकू नकोस, वितळून पाणचट होतं. माठात आदल्या रात्री वाळ्याची जुडी सोड, कमी पैशात एवढी श्रीमंती दुसरी नाही.

ओटीला भिजवलेले हरभरे. दीड किलो रात्री भिजत घाल, सकाळी उपसून पंचावर पसर म्हणजे ओलसर चिकट लागणार नाहीत. मूठभर हरभरे आणि एखादी काकडी, एवढंच या हळदीकुंकवाचं लेणं. वाण लुटायचं ते संक्रांतीला. चैत्रात प्लॅस्टिकचे डबे नि पर्स वाटायची प्रथा कुणी काढली देव जाणे! तू त्या शर्यतीत उतरू नकोस. उरलेल्या हरभऱ्यांची उसळ होते, उरलेल्या डब्यांचं काय होतं?

आरास म्हणशील तर घरात सगळं आहे. पुस्तकांचे नि खोक्यांचे गठ्ठे लावून पायऱ्या कर, वर आईची एखादी जरीची साडी. लहान पितळी पाळणा असेल तर उत्तम, नसेल तर पाटावर. कलिंगड नागमोडी कापून कमळासारखं उघडायचं, पोरांना दे ते काम. त्यांची खेळणीही मांड, पूर्वी बाहुल्या मांडायच्याच. दारात चैत्रांगण काढ. शंख, चक्र, गोपद्मं, कासव, तुळस, सूर्य-चंद्र, जमेल ते. जिन्यात जागा नसेल तर हार्डबोर्डवर काढ.

फुलांवर मात्र थोडा खर्च कर. मोगऱ्याचा हंगाम तोच. ठाण्याहून सकाळच्या गाडीनं दादरच्या फूलबाजारात जा, सुटा मोगरा वजनावर घे आणि घरी ओव. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला की संध्याकाळी नुसत्या वासानं घर भरतं. मग एअर फ्रेशनर नको की फुगे नको.

डाळी-कैऱ्या-गूळ, नारळ, कलिंगडं, फुलं सगळं धरून दोन हजारांच्या आसपास बसेल. त्यातून वाचतील ते पैसे भांडी घासायला येणाऱ्या मावशींना दे. त्या दिवशी जादा काम आहे, आधी विचार आणि आधी ठरव. आणि त्यांना स्वयंपाकघरात ठेवू नकोस. ओटी पहिल्यांदा त्यांची भर.

एक नाजूक गोष्ट. निमंत्रणात ‘हळदीकुंकू’ लिहू नकोस, ‘आमच्याकडची चैत्रातली गौर बघायला या’ असं लिही. तुझ्या मजल्यावरच्या काकूंचे यजमान गेले तेव्हापासून त्यांना कुणी बोलावत नाही, हे तूच मला सांगितलंस. त्यांच्याकडे स्वतः जा. कुंकवाची कुयरी पुढे धर, लावायचं की नाही ते त्यांचं त्या ठरवतील. अत्तर, गुलाबपाणी, पन्हं तर सगळ्यांनाच. समोरची ख्रिस्ती मैत्रीणसुद्धा येऊ दे. कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे, पन्हं पिऊनच मुरडतील!

आणि केटररला आजच नाही म्हणून कळव, नाहीतर आगाऊ रक्कम मागेल. नारळ मात्र चार आणून ठेव. शनिवारी दुपारी दोनला मी येते खवायला, विळी काढून ठेव.