टाकीतील काटकसर किती परवडते?

सोलापूरची चादर आणि टॉवेल देशभर जातात, आणि मुख्यतः रस्त्यानेच जातात. आपल्यापैकी अनेकांनी आता ट्रान्सपोर्टच्या भरवशावर न राहता कर्ज काढून स्वतःच्या गाड्या घेतल्या आहेत. गाठी वेळेवर पोहोचतात, भाडेही वाचते. परंतु गाडी दारात आली की डिझेलचा खर्च रोज डोळ्यांत खुपू लागतो. मग कोणीतरी येऊन सांगतो की अमुक ढाब्यामागे लिटरला आठ रुपये कमी भावाने माल मिळतो, फक्त बिल मागायचे नाही. आमच्या पेढीवर ही गोष्ट इतक्या वेळा निघाली आहे की या खेपेस तिचाच हिशेब वाचकांपुढे मांडावा असे वाटले.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. बरेच लोक 'ऑक्टेन कमी असले तर बिघडले कुठे' असे म्हणतात. ऑक्टेन हा आकडा पेट्रोलचा आहे. पेट्रोल दाबाखाली आपणहून वेळेआधी पेटू नये, ठिणगी पडल्यावरच पेटावे, हा गुण त्यात मोजला जातो. ज्यांचे भाऊ-मुलगे आखाती देशांत पिकअप गाड्या चालवतात त्यांनी तेथील पंपांवर ९१ आणि ९५ असे दोन भाव पाहिले असतील. ९५ मागणाऱ्या जोरदार इंजिनात ९१ घातले तर ते ओझ्याखाली ठोकू लागते. आजची इंजिने हे ओळखून स्वतःला आवरते घेतात, पण मग ताकद आणि ॲव्हरेज दोन्ही घटतात. उलट ज्या गाडीला साधे पेट्रोल पुरते तिच्यात महागडे पेट्रोल भरणे म्हणजे निव्वळ पैसा घालवणे आहे. तेही आपल्याकडे पुष्कळ लोक हौसेने करतात.

आपले ट्रक मात्र जवळजवळ सर्व डिझेलचे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन चटकन पेटले पाहिजे. हा गुण सीटेन या आकड्याने मोजतात आणि आपल्याकडे तो किमान ५१ ठेवला आहे. पण खरी गोष्ट सीटेनच्या पुढची आहे. डिझेल हे इंधन आहे, तसेच ते पंपाचे वंगणही आहे.

ही गोष्ट विणकराला लवकर समजेल. हातमागावर कच्चे सूत कसेबसे चालून जाते. धागा तुटला की कारागीर गाठ मारतो आणि पुढे जातो. तेच सूत वेगवान रेपियर मागावर चढवा, माग चालण्यापेक्षा उभाच जास्त राहील. गाड्यांचेही तसेच झाले आहे. जुन्या ट्रकचा पंप बराचसा इंजिन ऑईलवर चालत असे, इंजेक्शनचा दाबही कमी असे. घासलेट मिसळलेले डिझेल तो काही काळ तरी पचवून घेई. म्हणूनच वयस्कर ड्रायव्हर आजही छातीठोकपणे सांगतात की 'काही होत नाही'. त्यांचा अनुभव खोटा नाही, पण तो दुसऱ्या यंत्राचा आहे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा गाड्या आल्या. यांच्या कॉमन रेल यंत्रणेत डिझेल १६०० ते २००० बार दाबाने फवारले जाते. ट्रकच्या टायरमध्ये आठेक बार हवा असते, यावरून अंदाज करावा. इंजेक्टरच्या आतल्या भागांमधली फट दोन-चार मायक्रॉनची असते, आणि कापसाचा एक तंतू साधारण १२ ते २० मायक्रॉन जाड असतो. एवढ्या बारीक फटीत सरकणाऱ्या लोखंडाला वंगण कोणाचे? त्याच डिझेलचे. घासलेट किंवा सॉल्व्हंट पातळ आणि कोरडे असते. पंप घासला जातो, त्याची बारीक कीस पुढे इंजेक्टरमध्ये जाते, आणि एका बिघाडातून चार बिघाड होतात.

गंधकाचा प्रश्न निराळा. बीएस-सहा डिझेलमध्ये दहा लाख भागांत केवळ १० भाग गंधक चालते. घासलेटच्या मानकात ते वजनाच्या पाव टक्क्यापर्यंत, म्हणजे दहा लाखांत २५०० पर्यंत चालत आले आहे. धुराड्यातील फिल्टर आणि रसायनाचे डबे या गंधकाने निकामी होतात आणि गाडी आपणहून वेग कमी करते. रात्री घाटात माल भरलेली गाडी अशी बसली म्हणजे काय होते ते मालकापेक्षा ड्रायव्हरला विचारावे.

आता नफा-नुकसानीचे आकडे घेऊ. समजा पंपावर डिझेल ९२ रुपये आहे, ढाब्यामागे ८४ रुपये. महिन्याला ६०० लिटर लागते. कागदावर ४,८०० रुपये वाचले. पण हलक्या इंधनात लिटरमागे शक्ती कमी असते. ॲव्हरेज फक्त चार टक्के घटले असे धरले तरी तेवढ्याच अंतराला ६२५ लिटर लागेल. ८४ ने त्याचे ५२,५०० होतात, चांगल्या डिझेलचे ५५,२०० झाले असते. हातात राहिले २,७००, वर्षाचे ३२,४००. चार इंजेक्टर प्रत्येकी वीस हजारांचे धरले तर ८०,००० फक्त त्यांचेच. पंप, टाकी व नळ्यांची सफाई आणि गाडी उभी असताना चालू राहिलेला बँकेचा हप्ता वेगळाच. कंपनी डिझेलचा नमुना तपासून वॉरंटी नाकारते. यंत्रातील बिघाड साध्या विमा पॉलिसीत येत नाही.

हा स्वस्त माल येतो तरी कोठून? पूर्वी तो रेशनच्या निळ्या घासलेटातून येई. गरिबांच्या चुलीसाठी सरकारने भाव डिझेलच्या निम्म्याहूनही खाली ठेवला होता, आणि तेच घासलेट टँकरमध्ये जाई. या धंद्यात किती पैसा होता हे २५ जानेवारी २०११ रोजी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ पानेवाडी येथे इंधनमाफियांनी दिवसाढवळ्या जिवंत जाळले. तेलाच्या डेपोजवळ चाललेला काळाबाजार त्यांनी पकडला होता, एवढाच त्यांचा गुन्हा. त्यांच्यामागे घर होते, मुले होती. आठ रुपयांचा फरक ज्या खिशातून निघतो तो खिसा असा आहे, हे गिऱ्हाइकानेही जाणून असावे.

घासलेटवरील अनुदान पुढे टप्प्याटप्प्याने कमी होऊन २०२० मध्ये संपले, म्हणून आता मालाचे नाव बदलले आहे. 'बायोडिझेल' म्हणून औद्योगिक तेले आणि सॉल्व्हंट विकले जातात. खरे बायोडिझेल वनस्पती तेलापासून किंवा वापरलेल्या खाद्यतेलापासून होते. ते डिझेलमध्ये मिसळण्यासाठी विकण्याचे नियम केंद्राने २०१९ मध्ये केले, आणि डिझेलच्या मानकात ते ७ टक्क्यांपर्यंतच चालते. टाकी भरून 'बायोडिझेल' देणारा मनुष्य गाडीच्या हिताचे काही देत नाही. असाच प्रकार युरियाच्या द्रावणाचा, ज्याला डीईएफ म्हणतात. शेतीचा युरिया पाण्यात कालवून ते घरी करणारे महाभाग आहेत. शेतीच्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप असतो, आणि तो त्या यंत्रणेत जाऊन बसतो.

आमच्या मते दोष बऱ्याचदा ड्रायव्हरचा नसून मालकाच्या व्यवहाराचा असतो. 'हैदराबादच्या खेपेचे एवढे हजार, डिझेल तुझे तू बघ' असे ठरवले की ड्रायव्हर स्वस्त माल शोधणारच, कारण उरलेला पैसा त्याचा. त्याऐवजी डिझेल बिलावर द्यावे. दर वेळी टाकी काठोकाठ भरून किलोमीटर व लिटर वहीत लिहावे, आणि ठरलेल्या ॲव्हरेजपेक्षा जास्त निघाले तर वाचलेल्या डिझेलचा अर्धा पैसा ड्रायव्हरला द्यावा. मग टायरची हवा, बेताचा वेग, उभ्या गाडीचे इंजिन बंद करणे हे तो न सांगता करतो. कर्नाटकातून येताना तेथील पंपावर भाव कमी असेल तर जरूर भरावे. तो फरक कराचा आहे, मालाचा नाही.

राहिली पारख. सूत घेताना आपण ८४० यार्डांची लडी तोलून काउंट पाहतो, नुसत्या लेबलवर जात नाही. डिझेललाही तोल आहे. पंपावर त्या दिवसाची घनता लिहिलेली असते. हायड्रोमीटर, थर्मामीटर आणि अर्ध्या लिटरची बरणी पंपाने मागताच दिली पाहिजे. १५ अंश तापमानाला आणलेला आकडा लिहिलेल्या आकड्यापासून ३ पेक्षा जास्त सरकता कामा नये. मापाचा संशय असेल तर वैधमापन खात्याच्या शिक्क्याचे पाच लिटरचे माप मागावे, त्यात २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. फिल्टर कागदाची चाचणी पेट्रोलची आहे, डिझेलला ती लावू नये, डाग राहणारच. आणि घनता बरोबर आली म्हणजे सर्व आलबेल असेही नाही. हलके व जड तेल एकत्र करून आकडा जुळवणारे आहेत. त्यासाठी ठरलेला, खप जास्त असलेला पंप आणि प्रत्येक वेळी बिल, हेच खरे.

खराब डिझेल पडल्याचा संशय आला तर, म्हणजे भरल्यानंतर लगेच धूर वाढला, ओढ कमी झाली किंवा दिवा लागला तर, गाडी रेटू नये. इंजिन बंद करून ओढून न्यावी. टाकीतून लिटरभर नमुना कोरड्या स्वच्छ डब्यात काढून, साक्षीदारासमोर सील करून तारीख टाकावी. बिलाची प्रत जोडून पंपाच्या तक्रारवहीत नोंद करावी, आणि तेल कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याकडे व पुरवठा खात्याकडे लेखी अर्ज द्यावा. टाकी मात्र पंचनाम्याआधी धुऊ नये. मिस्त्री घाई करतो, आणि पुरावा गटारात जातो.