थोडे, पण नित्य

रमजानमध्ये फजरच्या नमाजला मशिदी भरून जातात; ईद सरताच रांगा विरळ होतात. असे का व्हावे? मनुष्य तहज्जुद, रोजचा एक पारा, नफ्ल रोजे असे सारे एकाच वेळी अंगावर घेतो. चार दिवस खंड पडला की त्याला स्वतःची लाज वाटू लागते, आणि त्या लाजेपोटी फर्ज नमाजही सुटते.

पवित्र कुरआन सुमारे २३ वर्षांत टप्प्याटप्प्याने अवतरले. ते एकदम का उतरले नाही, या आक्षेपाला सूरह फुरकानच्या ३२व्या आयतीत उत्तर आहे : प्रेषितांचे (स.) हृदय दृढ व्हावे म्हणून. मद्यबंदीही टप्प्यांनीच आली. अल्प असले तरी नित्य घडणारे कर्म अल्लाहला सर्वाधिक प्रिय आहे, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे (बुखारी, मुस्लिम). अडखळत, कष्टाने कुरआन वाचणाऱ्यास तर दुहेरी पुण्याची शुभवार्ता आहे.

मात्र संथपणा म्हणजे चालढकल नव्हे. फर्जला उद्याची सवलत नाही. क्रमाक्रमाने वाढवायचे ते नफ्ल. आपल्या एरंडोल परिसरात मृगात लावलेली कपाशी दसऱ्याच्या सुमारास वेचणीस येते. तोवर शेतकरी निंदणी-कोळपणी सोडत नाही. आपणही मगरिबनंतर घरच्यांसह तीन आयती अर्थासह वाचाव्यात. त्या अंगवळणी पडल्यावरच चौथी घ्यावी. खंड पडलाच, तर लाजून थांबू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे.

अल्लाह आपणा सर्वांना सातत्य प्रदान करो. आमीन.