नाव भाड्यानं द्यायचं नसतं

ठेकेदारीचं लायसन कुठून काढायचं, असं तू विचारलंस. पोरी, असं एक लायसन नसतंच. गाडी चालवायला आर.टी.ओ.चं कार्ड मिळतं आणि ते देशभर चालतं, तसं आपल्या धंद्यात नाही. सार्वजनिक बांधकाम खातं, जलसंपदा, जीवन प्राधिकरण, एम.आय.डी.सी., महापालिका, रेल्वे, लष्कराची एम.ई.एस., केंद्राचं सी.पी.डब्ल्यू.डी., प्रत्येकाच्या दारात वेगळी नोंदणी, वेगळे वर्ग आणि वेगळ्या मर्यादा. ज्या वर्गात नोंद असेल तेवढ्याच रकमेपर्यंतची निविदा भरता येते. जिल्हा परिषदेसारख्या ठिकाणी बऱ्याचदा पी.डब्ल्यू.डी.ची नोंदणी चालते, म्हणून आपल्याकडची पोरं सुरुवात तिथूनच करतात. तूही तिथूनच कर. सगळ्या खात्यांत एकदम नोंद करायच्या भरीस पडू नकोस. फी जाते, नूतनीकरणाच्या तारखा सांभाळाव्या लागतात आणि काम मिळतं एकाच ठिकाणी.

खरोखर ज्याला परवाना म्हणावं, तो विजेच्या कामाला लागतो. इमारतीतलं वायरिंग परवानाधारक विद्युत ठेकेदारानंच करायचं असतं. तुझी सिव्हिलची पदवी तिथे उपयोगाची नाही. तो भाग निविदेत एकत्र असेल तर असा ठेकेदार आधी गाठून ठेव, काम मिळाल्यावर शोधत बसू नकोस.

आता पहिली गोष्ट, जिच्याकडे कुणी नीट बघत नाही: नाव. पॅनवर, आधारवर, बँकेत, जी.एस.टी.त, नोंदणी दाखल्यावर नाव अक्षरान् अक्षर एकसारखं पाहिजे. लग्नानंतर तुझं आडनाव कुठे बदललंय, कुठे नाही. ते आधी एका रांगेत आण. लिफाफा उघडणारा कारकून तुला ओळखत नसतो, तो कागदाला कागद लावून बघतो.

नावाच्या पाठोपाठ फर्म कसली काढायची, ते ठरव. एकटीची मालकी सोपी, पण त्या फर्मचं आयुष्य तुझ्याएवढंच. उद्या प्रायव्हेट लिमिटेड केलीस तर मालकी फर्मचा अनुभव नव्या कंपनीला आपोआप मिळेल असं धरू नकोस. बरीच खाती कंपनी नवी म्हणून कोरी पाटी धरतात. मैत्रिणीबरोबर भागीदारी करायची असेल तर भागीदारीपत्र नुसतं नोटरीकडून करून थांबू नकोस. फर्म निबंधकाकडे नोंदव. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे नोंदणी नसलेल्या फर्मला करारावरून दुसऱ्यावर दावा लावता येत नाही. म्हणजे बिल अडलं तर कोर्टाचं दार बंद. बिल अडत नाही असा ठेकेदार मी पाहिलेला नाही.

पी.डब्ल्यू.डी.च्या नोंदणीला काय लागतं ते तू वाचलं असशीलच: ऐपतदाखला किंवा बँकेचं सॉल्व्हन्सी, केलेल्या कामांचे दाखले, यंत्रांची यादी, तांत्रिक माणूस, प्रतिज्ञापत्र. तू स्वतः बी.ई. आहेस, म्हणजे तांत्रिक माणसाचा रकाना तू भरलास. आता तीच पदवी दुसऱ्या कुणाच्या फर्मच्या फाइलला लावू नकोस. 'फक्त झेरॉक्स दे, वर्षाला काही देतो' म्हणणारे भेटतील. एकच इंजिनिअर दोन फर्ममध्ये पूर्णवेळ दिसला की दोन्ही फर्म खोट्या प्रतिज्ञापत्रात सापडतात. सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणूनही तुला नोंद करता येईल. छोटी कामं त्या वाटेनं, काम वाटप समितीतून मिळतात. त्या सवलतीला मुदत असते, म्हणून पहिल्या दिवसापासून नजर नियमित वर्गावर ठेव.

कर आणि कामगारांची कागदं मी पटापट सांगतो, कारण ती तुझा सी.ए.ही सांगेल. जी.एस.टी. सेवेला वर्षाच्या २० लाखांच्या उलाढालीनंतर सक्तीचा. निविदेला मात्र नोंदणी पहिल्या दिवशीच मागतात. सरकारी कामावर १८ जुलै २०२२ पासून दर १२ वरून १८ टक्के झाला. जुनं अंदाजपत्रक बघून दर भरणारे काहीजण त्यात आडवे झाले. पी.एफ. २० माणसांपासून, ई.एस.आय. १० पासून, आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ई.एस.आय.मध्ये बांधकामाच्या साइटवरचे कामगारही येतात. बांधकाम कामगार ठेवणाऱ्या आस्थापनेची नोंद १० कामगारांपासून. कंत्राटी कामगारांचा परवाना महाराष्ट्रात ५० पासून, आणि २१ नोव्हेंबर २०२५ ला ज्या नव्या कामगार संहिता आल्या त्यांतही आकडा ५० च आहे. म्हणून काहीजण हजेरीपटावर मुद्दाम ४९ नावं ठेवतात. तू ठेवू नकोस. पन्नासावा माणूस मचाणावरून पडला तर त्याचं नाव कुठेच नसतं, आणि मग भरपाई देताना घर विकायची पाळी येते.

उद्यम नोंदणी कर, कर्जाला आणि वसुलीला उपयोगी पडते. पण 'उद्यम आहे, बयाणा माफ' असं कुणी सांगितलं तर निविदा स्वतः वाच. लघुउद्योगांसाठीचं केंद्राचं खरेदी धोरण माल आणि सेवांसाठी आहे, बांधकामाच्या ठेक्याला ते लागू होत नाही. बयाणा न भरता टाकलेला लिफाफा उघडतो आणि तिथेच संपतो.

आता बिलाचा हिशेब. दर भरताना हे पोटात धर, नंतर नाही. समज १० लाखांचं चालू बिल निघालं. एकटीची फर्म असेल तर आयकर १ टक्का कापतात, कंपनी किंवा भागीदारी असेल तर २. करार अडीच लाखांच्या वरचा असेल तर जी.एस.टी.चा टी.डी.एस. २ टक्के. कामगार कल्याण उपकर १ टक्का. वर सुरक्षा ठेव. आयकराचा आणि जी.एस.टी.चा टी.डी.एस. तुझाच पैसा आहे, फक्त उशिरा येतो. जी.एस.टी.चा तर पोर्टलवर स्वतः स्वीकारावा लागतो, नाहीतर तो तिथेच पडून राहतो. उपकर मात्र गेला तो गेला. शिवाय मुरूम, खडी, वाळूचे वाहतूक पास. पास नसतील तर स्वामित्वधन बिलातून कापतात, मग खाणवाल्याला तू कितीही पैसे दिलेले असोत. प्रत्येक डंपरचा पास त्याच दिवशी फाइलला लाव. महिन्याच्या शेवटी खाणवाला फोन उचलत नाही.

कामगारांवरून एक राहिलं. बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंद व्हायला कामगारानं वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो ठेकेदार देऊ शकतो. तुझी सही एकदा गावात ओळखीची झाली की लोक घरी येतील. भांडी, शिष्यवृत्ती, लग्नाची मदत मिळते म्हणून ज्यानं कधी घमेलं उचललं नाही तोही येईल. जो तुझ्या हजेरीपटावर आहे त्याला दाखला दे, आणि तो मागायला येईपर्यंत थांबूही नकोस, स्वतः दे. बाकीच्यांना नाही म्हण. नातेवाईक असला तरी.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. या धंद्यात खरी कमाई बिल नव्हे, काम पूर्ण झाल्याचा दाखला. बिल खर्च होतं, दाखला वर्षानुवर्षं काम देतो. सी.पी.डब्ल्यू.डी.सारख्या ठिकाणी साधारण विचारणा अशी असते: गेल्या सात वर्षांत निविदेच्या ८० टक्के रकमेचं एक सारखं काम, नाहीतर ६० टक्क्यांची दोन, नाहीतर ४० टक्क्यांची तीन. राज्यात टक्के वेगळे असतात, मागणी तीच. म्हणून दाखल्यावर कामाचं नाव कार्यारंभ आदेशात आहे तसंच हवं. करारनामा क्रमांक, निविदेची रक्कम, प्रत्यक्ष झालेली रक्कम, सुरुवातीची तारीख, ठरलेली आणि खरी पूर्ण झाल्याची तारीख, हे सगळं हवं. काँक्रीट किती घनमीटर, डांबरीकरण किती, ही परिमाणं घालून घे. पुढची निविदा परिमाणंच विचारते. खाली कार्यकारी अभियंत्याची सही, शिक्का, जावक क्रमांक. अंतिम मोजमाप एम.बी.त, म्हणजे मोजमाप पुस्तकात, चढलं की त्याच आठवड्यात अर्ज दे. अभियंत्याची बदली झाली की नव्या साहेबाला तुझं काम ठाऊक नसतं, आणि तो म्हणतो फाइल बघू. खाजगी बंगल्याचं किंवा कारखान्याचं काम केलंस तर नुसतं मालकाचं पत्र पुरत नाही. त्यानं तुझा टी.डी.एस. कापून भरला असेल तर ते काम कागदावर खरं ठरतं, म्हणून रोखीनं पैसे घेण्याचा मोह टाळ.

हे कळलं की पेटी कॉन्ट्रॅक्टचा तोटा कळतो. मोठा ठेकेदार तुला म्हणेल, माझ्या नावावर काम आहे, तू कर, एवढे टक्के मला. पैसा मिळेल, शिकायलाही मिळेल, सुरुवातीला एखादं करायला हरकत नाही. पण दाखला त्याच्या नावावर निघतो. खात्यानं लेखी मान्यता दिलेली नसेल तर त्या कामाचा अनुभव तुझ्या फाइलला लागत नाही. अशी कामं करत राहिलेली हुशार माणसं मला माहीत आहेत. साइटवर त्यांच्या शब्दाला मान आहे आणि निविदेला पात्र एकही नाही.

आणि उलटं, जे तुला जास्त वेळा ऐकावं लागेल: "ताई, नाव तुझं, काम आम्ही बघतो, दोन टक्के घरबसल्या." बाईमाणूस म्हटलं की हे हमखास होतं. घरातलाच कुणी दीर, कुणी भाऊ असं बोलतो, आणि बोलताना त्याला त्यात काही वावगंही वाटत नाही. आकडा मांडून बघ. १ कोटीच्या कामाचे तुला दोन लाख. पण १ कोटी तुझ्या पॅनवर जमा झाले. वह्या न ठेवता ढोबळ नफ्याच्या सवलतीनं विवरण भरलंस तर बँकेतून आलेल्या रकमेवर आयकर ६ टक्के नफा धरतो, म्हणजे सहा लाख. चार लाख तू बघितलेच नाहीत आणि त्यांच्यावर कर तुझा. जी.एस.टी.तल्या खरेदीची बिलं त्यानं खोटी जोडली तर नोटीस तुला. पी.एफ. भरला नाही तर वसुली तुझ्याकडून. पावसाळ्यात रस्ता उखडला तर दोष दायित्वाच्या मुदतीत खड्डा भरायला तुला बोलावतात, तो तोवर दुसऱ्या तालुक्यात असतो. काळ्या यादीत नाव जातं ते तुझं.

याहून एक आतला तोटा आहे, तो फार थोड्यांच्या लक्षात येतो. मोठ्या निविदेत बोली क्षमता काढतात. गेल्या पाच वर्षांतली सगळ्यात मोठी वार्षिक उलाढाल, गुणिले कामाची मुदत वर्षांत, गुणिले २ किंवा निविदेत दिलेला आकडा, वजा हातात असलेली कामं. समज तुझी मोठी उलाढाल २ कोटी आणि निविदेची मुदत १ वर्ष. गुणाकार ४ कोटी. त्यातून भाड्यानं दिलेलं दीड कोटीचं काम वजा गेलं, उरले अडीच. समोर ३ कोटींचं चांगलं काम आहे आणि तू अपात्र, कशामुळे, तर दुसऱ्याच्या कामामुळे. दोन टक्क्यांसाठी.

डिजिटल सहीची चावी दुसऱ्याकडे ठेवणं हेही नाव भाड्यानं देण्यातच मोडतं. महाटेंडर्सवर निविदा भरायला क्लास थ्रीची सही लागते. शहरात भरून देणारी पोरं आहेत, त्यांच्याकडे ठेकेदारांच्या चाव्या नावांच्या चिठ्ठ्या लावून डब्यात ठेवलेल्या असतात. तुझी तिथे ठेवू नकोस. त्या चावीनं भरलेला दर तू भरलेला धरला जातो, तुला माहीत असो वा नसो. भरून घ्यायचंच असेल तर शेजारी बस, दर स्वतः टाइप कर आणि उठताना चावी पर्समध्ये टाक. तिची मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर लिही. निविदेच्या शेवटच्या दिवशी दुपारी संपलेली सही मी बऱ्याच लोकांच्या हातात पाहिली आहे.

कमी दराबद्दल एवढंच: फार खाली भरलंस तर जादा सुरक्षा ठेव मागतात, आणि ती भरायला बँकेत तुझीच ठेव अडकते. पहिल्या वर्षी नाव होण्यासाठी तोट्यात काम घे असं सांगणारा माणूस स्वतः ते करत नसतो.

निविदा मिळवण्याची घाई नाही. या महिन्यात पॅन, बँक आणि जी.एस.टी. एका नावावर आण, ऐपतदाखल्यासाठी वडिलांच्या शेताचा सात-बारा काढून ठेव. भागीदारी करणार असशील तर भागीदारीपत्राचा मसुदा वकिलाकडे द्यायच्या आधी मला पाठव. सही कुणाची चालेल आणि बँकेत कोण काढेल, ही दोन कलमं मला वाचायची आहेत.