जुना क्रमांक, नवा मालक

युनिक्सवर्गीय प्रणालींत चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला, म्हणजेच प्रोसेसला, कर्नल एक क्रमांक देतो. यालाच पीआयडी म्हणतात. आज्ञेच्या शेवटी अँपरसँड लावला की प्रोसेस बॅकग्राउंडला जाते आणि शेल तिचा पीआयडी डॉलर-उद्गारचिन्ह या खास चलात ठेवतो. तो फाइलमध्ये लिहून ठेवायचा आणि प्रोसेस थांबवायची झाली की 'किल'च्या हवाली करायचा, ही रुळलेली पद्धत असली, तरी तिच्यात एक खोट आहे: प्रोसेस संपल्यावर तोच क्रमांक कर्नल दुसऱ्या कोणालाही देऊ शकतो.

ही खोट प्रस्तुत लेखकाला महागात पडली. वीज जाऊन सर्व्हर पुन्हा सुरू झाला, तेव्हा क्रमांकवाटप पहिल्यापासून सुरू झाले. 'रन' डिरेक्टरी मेमरीत असल्याने रिकामी झाली, परंतु कंत्राटदाराच्या आग्रहाखातर होम डिरेक्टरीत ठेवलेली पीआयडीची फाइल मात्र शाबूत राहिली. सकाळी स्क्रिप्टने तीतला ८१२ हा क्रमांक वाचून 'किल -९' पाठवला, आणि लॉग उघडल्यावर दिसले की ८१२ आता डेटाबेसचा होता. स्क्रिप्ट रूटच्या अधिकाराने चालत नसती, तर 'ऑपरेशन नॉट परमिटेड' एवढ्यावरच निभावले असते. तो हट्टही कंत्राटदाराचाच. बैठकीत मात्र 'स्क्रिप्ट तुमची' एवढे दोनच शब्द उच्चारून त्या गृहस्थांनी हात झटकले, आणि त्यांचीच ई-मेल पुढे ठेवताच बैठक आटोपती घेण्यात आली.

म्हणून 'किल'पूर्वी 'पीएस'ने त्या क्रमांकामागचा प्रोग्राम कोणता, हे पडताळावे. 'किल -०' केवळ अशी प्रोसेस अस्तित्वात आहे एवढेच सांगतो, ती कोणाची हे सांगत नाही. प्रथम १५ क्रमांकाचा सिग्नल पाठवून आवराआवरीस अवधी द्यावा, कारण ९ क्रमांकाचा सिग्नल 'ट्रॅप'ने, म्हणजे सिग्नल झेलणाऱ्या आज्ञेने, अडवता येत नाही. स्क्रिप्टची एकच प्रत चालावी यासाठी पीआयडीच्या फाइलीपेक्षा 'फ्लॉक' हे कुलूप बरे, कारण प्रोसेस मेली की कर्नल ते स्वतः उघडतो. मात्र बॅकग्राउंडला सोडलेल्या उपप्रोसेसकडे त्या फाइलीचा डिस्क्रिप्टर वारशाने जात असल्यामुळे तो तिथे बंद न केल्यास कुलूप अडकून राहते. बॅकअप घ्यावा, हे सांगणे नलगे. आणि इतरांचा आग्रह स्क्रिप्टमध्ये उतरवताना, तो कोणाचा होता हे त्याच ओळीवर टिप्पणीत लिहून ठेवावे. ई-मेल शोधण्याइतका वेळ बैठकीत नेहमीच मिळतो असे नाही.