मेंदू शिकायला निघालेली मुलगी गणित का घेते?

प्रश्न : आमच्या मुलीला अमेरिकेतल्या एका विद्यापीठात न्यूरोसायन्सच्या पदवीसाठी प्रवेश मिळाला आहे. ऑगस्टमध्ये ती जाईल. पहिल्या वर्षाच्या विषयांची यादी पाहिली तर कॅल्क्युलस, रसायनशास्त्र, मानसशास्त्र आणि कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग! मेंदूचं कुठे नावही नाही. पदवी बी.ए. घ्यायची की बी.एस., हेही म्हणे तिनेच ठरवायचं. बारावीला तिने गणित सोडलं होतं. आमची फसगत तर होत नाही ना? (एक पालक, सांगली)

उत्तर : फसगत नाही, यादी बरोबर आहे. तुमची शंकाही रास्त आहे. मेंदू शिकायला पाठवलं आणि मेंदूच नाही, म्हणजे लग्नाला गेलो आणि मांडवात नवरानवरीच नाहीत, असं वाटणारच. ती येणार आहेत, जरा उशिरा.

आधी एक फरक लक्षात घेऊ. आपल्याकडे दहावीनंतर एकदा शाखा निवडली की विषय बहुतेक ठरून येतात. तिकडे दर सत्राला चार-पाच विषय विद्यार्थी स्वतः निवडतो. बहुतेक विद्यापीठांत चार वर्षांत सुमारे 120 क्रेडिट जमवायची असतात. त्यांतले काही विषय सक्तीचे, काही ठरावीक गटांतून घ्यायचे आणि उरलेले आवडीचे. म्हणजे तुम्ही पाहिलेली यादी मुलीने अजून पुरती ठरवलेली नाही. तो तिचा पाया आहे.

आता तो पाया असा का? मज्जापेशीच्या आत आणि बाहेर सोडियम-पोटॅशियमचे आयन वेगवेगळ्या प्रमाणात असतात. त्यामुळे पेशी शांत असताना तिची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे 70 मिलिव्होल्ट ऋण असते. संदेश जातो तेव्हा हा फरक जेमतेम एक मिलिसेकंद उलटतो आणि ती उलथापालथ पुढे पुढे सरकत जाते. आयन समजायला रसायनशास्त्र हवं, व्होल्टेज समजायला भौतिकशास्त्र. आणि क्षणाक्षणाला बदलणाऱ्या गोष्टीचा हिशेब ठेवायचा तर कॅल्क्युलस हवंच.

हा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली या इंग्रज शास्त्रज्ञांनी, 1952 मध्ये. कोकणात ज्याला माकूळ म्हणतात त्या जातीच्या प्राण्याचा जाडजूड मज्जातंतू त्यांनी प्रयोगाला घेतला. समीकरणं तयार झाली, पण केंब्रिजचा संगणक तेव्हा फेरबदलांसाठी बंद होता. मग हक्सलींनी हाताने दांडा फिरवायच्या गणनयंत्रावर आकडेमोड केली. 1963 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. गंमत म्हणजे हक्सली केंब्रिजला गेले ते इंजिनिअर होण्याच्या विचाराने. शरीरक्रियाशास्त्र त्यांनी घेतलं ते अभ्यासक्रमातली एक जागा भरायची म्हणून! तेव्हा मुलीच्या यादीतल्या ‘आवडीचा विषय’ या रकान्याला किरकोळ समजू नका.

संख्याशास्त्र यादीत अजून दिसत नाही, पण दुसऱ्या वर्षी ते येईल आणि तिने ते मन लावून करावं. का, ते एका मेलेल्या माशावरून सांगतो. अमेरिकेत क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एक मेलेला सॅमन मासा मेंदूचं स्कॅनिंग करणाऱ्या यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रं दाखवली आणि ‘या माणसाच्या मनात कोणती भावना असेल?’ असं रीतसर विचारलं. आकडेवारी नेहमीच्या ढोबळ पद्धतीने तपासली, तर माशाच्या मेंदूत काही ठिपके ‘जागे’ दिसले. मासा अर्थातच जिवंत झाला नव्हता. अशा चित्रात लाखभर ठिपके असतात. हजारांत एक निकाल योगायोगाने चुकतो असं धरलं, तरी लाखात शंभर खोटे ठिपके उजळणार. त्यांना चाळून काढायची रीत संख्याशास्त्रात आहे, आणि ती वापरली की मासा पुन्हा मेलेलाच ठरतो. या प्रयोगाला 2012 मध्ये ‘इग नोबेल’ हे गमतीचं पारितोषिक मिळालं. वर्तमानपत्रात ‘मेंदूतलं प्रेमाचं केंद्र सापडलं’ अशी बातमी वाचाल तेव्हा हा मासा आठवा.

मानसशास्त्र ‘सोपं’ म्हणून घातलेलं असतं, हा एक गैरसमज. हेन्री मोलेसन या रुग्णावर 1953 मध्ये अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली आणि नव्या आठवणी साठवण्याची त्याची शक्तीच गेली. ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. आपण हे पूर्वी केलंय हे त्याला कधीच आठवेना, पण हात मात्र दिवसागणिक सुधारत गेला. स्मृती एकाच प्रकारची नसते, हे त्यातून कळलं. नेमका प्रश्न आणि साधा कागद, एवढ्यावर हे झालं. आणि या मिलनरबाई केंब्रिजला मुळात गणित शिकायला गेल्या होत्या!

निवडीत खरी चूक होते ती क्रमाची. सामान्य रसायनशास्त्र झाल्याशिवाय सेंद्रिय मिळत नाही आणि सेंद्रिय झाल्याशिवाय बहुतेक ठिकाणी जैवरसायन मिळत नाही. पहिली कडी वर्षभर लांबली की शेवटची चौथ्या वर्षात जाते आणि मेंदूचे वरच्या पातळीचे विषय प्रकल्पाच्या गर्दीत सापडतात. म्हणून साखळीतले विषय आधी घ्यावेत. मात्र प्रयोगशाळेचे तीन-तीन विषय एकाच सत्रात घेऊ नयेत, कारण दुपारच्या दुपार त्यातच जातात. माझं स्वतःचं मत विचाराल, तर निवड करायची वेळ आली की माहितीच्या विषयापेक्षा हत्याराचा विषय घ्यावा. मेंदूच्या भागांची नावं पुढे पुस्तकातूनही पाठ होतील. प्रोग्रॅमिंग आणि गणित एकट्याने शिकायला बसणारे बहुतेक तिसऱ्या प्रकरणात उठतात.

बी.ए. या अक्षरांना घाबरू नका. तिकडे त्याचा अर्थ ‘आर्ट्सला गेली’ असा होत नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्ट कॉलेजात 1973 पासून न्यूरोसायन्स शिकवतात आणि ते कॉलेज सगळ्यांनाच बी.ए. देतं, भौतिकशास्त्रवाल्यांनासुद्धा. जिथे दोन्ही पर्याय असतात तिथे साधारणपणे बी.एस.मध्ये विज्ञान-गणिताचे विषय जास्त असतात आणि बी.ए.मध्ये इतर विषयांना जागा जास्त. पुढे संशोधन करायचं असेल तर बी.एस.कडे कल ठेवावा, पण आधी दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघाव्यात.

तुम्ही विचारलं नाहीत, पण नातेवाईक विचारतील : ‘म्हणजे मेंदूची डॉक्टर होणार?’ नाही. आपल्याकडे त्याचा नेहमीचा रस्ता एमबीबीएस, मग एमडी, मग डीएम न्यूरोलॉजी असा जातो. न्यूरोसायन्सची पदवी घेऊन परत आली तरी एमबीबीएससाठी तिला ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा द्यावीच लागेल. अमेरिकेत पदवीनंतर वैद्यकीय शिक्षण असतं खरं, पण परदेशी विद्यार्थ्यांना घेणारी कॉलेजं थोडी. हे आत्ताच घरात मोकळेपणाने बोलून घ्या.

राहिलं गणित. इथे राहिली असती तरी ते चुकलं नसतंच. आयसर या विज्ञानसंस्थांच्या प्रवेशपरीक्षेत जीवशास्त्रवाल्यांपुढेही गणिताचे प्रश्न येतात. ऑगस्टला अवकाश आहे. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावी विज्ञानाच्या गणिताचा दुसरा भाग कुणाकडून तरी मागून आणा. डेरिव्हेटिव्हपासून संभाव्यतेपर्यंत तिला लागणारं बरंच काही त्यात आहे. शेजारच्या इंजिनिअरिंगवाल्या मुलाच्या माळ्यावर तो नक्की पडला असेल.